‘जामीन’ : एका संज्ञेचे अर्थांतर

इंग्रजीतील ‘बेल’ या कायदेविषयक संज्ञेसाठी मराठीत ‘जामीन’ हा शब्द रूढ आहे. तो अरबीतून फारसीमार्गे आला असून हमी घेणारी व्यक्ती हा त्याचा मूळ अर्थ होय. मराठीतही जामीन हा आधी माणूस होता. सुटका हा अर्थ त्याला नंतर चिकटला. प्रस्तुत लेखात या अर्थांतराची चिकित्सा केली आहे.

जुन्या व्यवहारात जामिनाचे प्रकार स्पष्ट होते. व्यक्तीला हजर करण्याची हमी घेणारा हाजीरजामीन आणि पैशाची हमी घेणारा मालजामीन. याज्ञवल्क्यस्मृतीत दर्शन, प्रत्यय व दान अशा तीन कारणांसाठी ‘प्रतिभू’ सांगितला आहे. त्यांतील दर्शन व दान यांच्याशी हे प्रकार जुळतात.

‘कर्जाला जामीन राहणे’ या प्रयोगात तो माणूस आजही शिल्लक आहे. ‘जामीन मिळणे’ यात मात्र लुप्त झाला आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘जामीनदार’ हा शब्द वापरावा लागतो. मूळ अर्थाने पाहता ती द्विरुक्तीच ठरते. ‘जामीन देणे’ हा प्रयोग तर दोन विरुद्ध दिशांनी चालतो. आरोपी जामीन देतो तेव्हा माणूस उभा करतो. न्यायालय जामीन देते तेव्हा मुक्तता देते.

ही संदिग्धता केवळ कोशापुरती नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘बेल’ची व्याख्या नव्हती. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७८) या खटल्यात एका गवंड्याकडे दहा हजार रुपयांचा जामीनदार मागण्यात आला होता. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याची हमी नाकारली गेली. न्या. कृष्ण अय्यर यांनी या संज्ञेत जामीनदारासह व जामीनदाराविना अशा दोन्ही प्रकारच्या सुटकेचा समावेश होतो, असा निर्वाळा दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने अखेर व्याख्या दिली असून तीत या दोन्ही मार्गांना स्थान आहे.

तात्पर्य, ‘जामीन मंजूर’ म्हणजे सुटका झालीच असे नव्हे. ज्याच्यासाठी उभे राहणारे कोणी नाही, तो निर्धन कैदी जामीन मिळूनही तुरुंगातच राहतो. शब्दातून लुप्त झालेला माणूस तुरुंगाच्या दाराशी पुन्हा मागितला जातो. जामीनदाराविना सुटकेसाठी ‘जातमुचलका’ हा नेमका शब्द मराठीत आहेच. कायद्याच्या अध्यापनात व भाषांतरात हा भेद काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे.