युद्धोत्तर जर्मन शिरस्त्राणें व त्यांची परीक्षा

जर्मन पोलादी शिरस्त्राणांच्या संग्रहांत १९४५ नंतरच्या नगांना जें स्थान सामान्यतः दिलें जातें, तें आमच्या मतें अन्यायाचें आहे. युद्धकालीन नग हातीं लागला नाहीं म्हणून ठेवावयाचा बदली नग, अथवा त्याहून वाईट म्हणजे युद्धकालीन नग बनावट तयार करण्यास स्वस्तांत मिळणारा कच्चा माल, अशा दोनच दृष्टींनीं त्यांकडे बहुधा पाहिलें जातें. वस्तुतः एका पराभूत राष्ट्राचीं दोन राज्यें झाल्यावर प्रत्येकानें आपल्या शिपायाच्या डोक्यावर काय ठेवावयाचें ठरविलें, याचें हें प्रत्यक्ष साधन होय. साधन या नात्यानें त्याची परीक्षा कशी होते व कशी व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय.

प्रथम घटनाक्रम ध्यानांत घेतला पाहिजे. १९४५ च्या मे महिन्यांत जर्मनी शरण गेली व तिचें सैन्य मोडलें. मागें राहिलेल्या शिरस्त्राणांपैकीं कित्येकांना भोकें पाडून चाळण्या आणि कान बसवून पातेलीं करण्यांत आलीं. असे नग जर्मनीच्या संग्रहालयांतून जतन केलेले आहेत. पश्चिमेकडे १९५१ सालीं बुंडेसग्रेन्त्सशुट्स हें सरहद्दरक्षक पोलीसदल स्थापन झालें व १९५५ सालीं बुंडेसवेअर ही सेना उभी राहिली. पूर्वेकडे १९५२ पासून बराकींत ठेवलेलें लोकपोलीसदल होतें. त्यांतून १ मार्च १९५६ रोजीं राष्ट्रीय लोकसेना निघाली.

आतां या दलांच्या शिरस्त्राणांचे आकार पाहावे. पश्चिमेच्या नव्या सेनेनें अमेरिकन घाट उचलला. आरंभीं तर बाहेर पोलादी टोप व आंत दुसरा हलका टोप, ही अमेरिकन रचनाही जशीच्या तशी घेतली. परंतु त्याच राज्याचें सरहद्दरक्षक दल कान व मान झांकणारें जुन्या वळणाचें जर्मन शिरस्त्राण घालीत होतें. पूर्वेच्या सेनेनें १९५६ चा जो नमुना स्वीकारला, त्याचा उतरत्या बाजूंचा घाट महायुद्धाच्या उत्तरार्धांत जर्मनींतच तयार झालेला, पण त्या सैन्यांत सर्रास कधींच न आलेला असा होता. तो थालें येथें घडविला जाई. म्हणजे युद्धकाळीं ‘ईटी’ असा ठसा मारणारा कारखाना आणि हा कारखाना एकच. राज्य बदललें, मालकी बदलली, भट्टी तीच राहिली.

यावरून परीक्षकांचा पहिला दोष उघड होतो. आकार पाहून राजकारण वाचण्याचा मोह त्यांना आवरत नाहीं. पूर्वेचा टोप दिसला कीं ‘रशियन अनुकरण’, आणि जुना घाट दिसला कीं ‘युद्धकालीन’, असे निकाल दिले जातात. वास्तविक फॅसिझमविरोधाची घोषणा करणाऱ्या राज्याचा टोप युद्धकालीन जर्मन आराखड्यावरून आलेला आहे, आणि जुन्या घाटाचे कित्येक टोप युद्धानंतर नव्यानें घडविलेले आहेत. आकारावरून कूळ कळतें. जन्मवर्ष कळत नाहीं.

दुसरा दोष चिन्हावर भिस्त ठेवण्याचा. बाजूस चिकटविलेलें गरुडचिन्ह अथवा ढाल हें शिरस्त्राणाचें सर्वांत दुबळें अंग होय. तें कोणासही छापतां येतें व कोणत्याही कवचावर बसवितां येतें. नेमका बाजारभाव मात्र त्यावरच ठरतो. शिक्का पाहून सनद अस्सल ठरविणाऱ्यास आमचे वाचक काय म्हणतील, हें सांगणें नको. पोलिसांच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी हवी. पश्चिम जर्मनींत पोलीसखातें मुख्यतः घटकराज्यांच्या ताब्यांत असल्यामुळें ‘जर्मन पोलीस शिरस्त्राण’ एवढें वर्णन अपुरें पडतें. घटकराज्य कोणतें, हें सांगितलें पाहिजे. शिवाय पोलीस म्हणजे पोलादी टोपच, असेंही नाहीं. चाको नांवाची उंच कडक टोपी तेथील पोलिसांच्या डोक्यावर १९६० नंतरच्या दशकांतही दिसते. ती वगळून केलेला संग्रह एकांगी होय.

तिसरा दोष अंकांविषयींचा. युद्धकालीन कवचाच्या आंतील कांठाशीं कारखान्याच्या अक्षरांपुढें ६२, ६४, ६६ असे आंकडे उठविलेले असतात. हीं वर्षें नव्हत. कवचाच्या मापाचे ते सेंटिमीटर आहेत. हें ठाऊक नसल्यामुळें ‘ईटी ६४’ असा ठसा पाहून तो नग १९६४ चा ठरविणारा, आणि उलट ठसा जुना म्हणून सबंध नगच जुना मानणारा, असे दोघेही आढळतात. दोघांचीही चूक एकाच जातीची. एका खुणेवर सर्व निर्णय टाकण्याची.

आमच्या मतें परीक्षेचा क्रम उलटा केला पाहिजे. आधीं कवच पाहावें. १९३५ च्या नमुन्यास कांठ आंत वळविलेला व वायुछिद्रांस निराळी कडी बसविलेली असते. १९४० च्या नमुन्यांत छिद्र कवचांतच ठोकून काढलेलें असतें. १९४२ च्या नमुन्यांत कांठ वळविण्याचें कामही वगळलेलें आहे. नंतर अस्तर पाहावें. त्याचें कातडें, त्याची धातूची पट्टी, तें धरणाऱ्या खिळ्या आणि त्यावरील ठसे तपासावे. मग रंगाचे थर, व सर्वांत शेवटीं चिन्ह. कवच एका काळचें व अस्तर दुसऱ्या काळचें निघालें, तर त्या नगास दोन तारखा द्याव्या. जुनें कवच नवें अस्तर घालून पुन्हां सेवेंत आणलेलें असूं शकतें. नॉर्वेच्या सैन्यानेंही युद्धानंतर जर्मनांचे टोप वापरले आहेत. असा नग बनावट नव्हे. जुन्या कागदावर पुढील हातानें लिहिलेल्या मजकुरासारखा तो दुपदरी आहे, आणि दोन्ही पदर वाचणें हेंच परीक्षकाचें काम.

येथें एक आक्षेप येईल. नग ज्याचा, त्यानें तो पूर्ववत् सजविला तर बिघडलें काय? बिघडतें तें असें. युद्धानंतर कित्येक टोपांवरील नाझी चिन्हें खरवडून वा रंगवून काढण्यांत आलीं. ती खरवड हाच त्या टोपावरील सर्वांत बोलका लेख आहे. पराभव, लाज, आणि पुन्हां उपयोग, हें सर्व तींत आहे. त्यावर नवें चिन्ह चिकटविणारा मूळ स्थिति परत आणीत नाहीं, तर १९४५ साल पुसून टाकतो. सरहद्दरक्षक दलाचा टोप गंजवून व त्यावर खोटें चिन्ह बसवून जो विकतो, तो तर एका कृत्यानें दोन साधनें नासतो. एक खरें नाहींसें होतें व एक खोटें वाढतें. जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ या कलमान्वयें अशा चिन्हांचें जाहीर प्रदर्शन व प्रसार दंडनीय असून संशोधन, अध्यापन, कला इत्यादींस त्यांतून सूट आहे. ही सूट ज्यास हवी, त्यानें आपण संशोधक असल्याचें आपल्या टिपणांनीं दाखविलें पाहिजे. केवळ चिन्हासाठीं जादा दाम मोजणारा संशोधनाच्या नांवाखालीं त्या चिन्हाचीच किंमत वाढवीत असतो.

संग्राहकांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. कारखान्यांचे ठसे, कवचांचीं मापें, अस्तरांचे प्रकार यांविषयींची बरीच माहिती विद्यापीठांनीं नव्हे, तर हौशी माणसांनींच खिळा खिळा मोजून जमविली आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या मोजणीचा मान ज्या नगाला बाजारांत भाव नाहीं, त्यालाही मिळावा. बुंडेसग्रेन्त्सशुट्स २००५ सालीं बुंडेसपोलित्साय या नांवांत विलीन झालें. पूर्वेचें राज्य व त्याची सेना १९९० सालीं संपली. बुंडेसवेअरच्या पोलादी टोपाची जागा १९९२ च्या नमुन्याच्या अॅरामिड तंतूंच्या टोपानें घेतली. म्हणजे हा विषय आतां पुरता इतिहासांत जमा झाला आहे. जे नग अद्यापि स्वस्त आहेत, तेच आज सर्वांत अधिक धोक्यांत आहेत. त्यांचें वर्णन आहे त्या स्थितींत, खरवडीसकट व डागांसकट, लिहून ठेवणें हें संग्राहकाचें पहिलें कर्तव्य होय.