साम्य आणि नाते : डॅनिश–अम्हारिक तुलनेच्या प्रकाशात मराठी–गोंडी अभ्यासाची चिकित्सा

प्रस्तावना

दोन भाषांची तुलना करणाऱ्या अभ्यासकासमोर दोन स्वतंत्र प्रश्न असतात. या भाषांत साम्य आहे काय, हा पहिला. आणि ते साम्य कशामुळे आले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळताच दुसऱ्याचेही मिळाले असे गृहीत धरणे, हा विदर्भातील मराठी–गोंडी तुलनेतील मूलभूत दोष होय. एरवी कोणी शेजारी ठेवणार नाही अशा दोन भाषांच्या, डॅनिश आणि अम्हारिकच्या, तुलनेतून हा दोष स्पष्ट होतो.

डॅनिश आणि अम्हारिक

डॅनिश ही भारत-युरोपीय कुळातील जर्मानिक शाखेची भाषा आहे. इथिओपियातील अम्हारिक ही आफ्रो-आशियाई कुळातील सेमिटिक शाखेची. तरीही निश्चिततेचा प्रत्यय नामाच्या शेवटी जोडण्याची पद्धत दोन्हींत आढळते. डॅनिशमध्ये (लेखनानुसार) ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘हूसेट’ म्हणजे ते विशिष्ट घर. अम्हारिकमध्ये ‘बेत’ आणि ‘बेतु’. या साम्यामागे नाते नाही आणि संपर्कही नाही.

याच दोन भाषांपुढे मराठी ठेवली असता अधिक उद्बोधक चित्र दिसते. अम्हारिकमधील ‘हेदो मत्ता’ ही रचना मराठीतील ‘जाऊन आला’शी शब्दशः जुळते. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मराठीत ‘म्हणणे’ या धातूपासून बनलेले ‘म्हणून’ जे कार्य करते, ते अम्हारिकमध्ये त्याच अर्थाच्या धातूपासून बनलेले ‘ब्लो’ हे रूप करते. फरक इतकाच की अम्हारिक रूप कर्त्याच्या पुरुषानुसार बदलते, मराठी रूप बदलत नाही. याउलट डॅनिशचे वाक्य मराठी माणसाला परके वाटते. परंतु दात–टांड, दोन–टो, दहा–टी या जोड्यांत मराठी ‘द’च्या जागी डॅनिश ‘ट’ नियमाने येतो. असा नियमित ध्वनिसंबंध हाच नात्याचा पुरावा होय. म्हणजे जी भाषा रचनेने जवळची भासते ती मराठीची नातलग नाही. आणि जी परकी भासते ती दूरची का होईना, नातलग आहे.

अम्हारिकची ही वाक्यरचना तिच्या सेमिटिक वारशातून आलेली नसून शेजारच्या कुशिटिक भाषांच्या दीर्घ सहवासातून आली, असे सामान्यतः मानले जाते. कॉलिन मसिका यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात दक्षिण आशियाची वैशिष्ट्ये भारताबाहेर कोठवर पसरली आहेत याचा शोध घेतला, तेव्हा त्यांपैकी काही त्यांना अम्हारिकमध्येही आढळली.

नागपूरची परंपरा : उपलब्धी व मर्यादा

गोंडीच्या नोंदींची परंपरा नागपूरला जुनी आहे. १८४५ मध्ये येथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. त्यात शब्दसूची आहेतच, शिवाय लिंगोची गोंडी गाथाही आहे. पुढे ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये, तर मुंडा व द्रविडी भाषांचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ मध्येच द्रविडी कुळात गणलेल्या गोंडीचे स्थान या सर्वेक्षणाने पक्के केले, ही त्याची मोठी उपलब्धी होय.

त्याची मर्यादाही याच मांडणीत आहे. कुळानुसार खंड पाडल्यामुळे एकाच आठवडी बाजारात कानावर पडणाऱ्या दोन भाषा दोन वेगळ्या ग्रंथांत गेल्या आणि त्यांचा परस्परसंपर्क दोन खंडांच्या मधल्या जागेत हरवला. शिवाय सर्वेक्षणाचा मुख्य नमुना बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर हा होता. भाषांतरित वाक्याला मूळ वाक्याचे वळण लागण्याचा धोका असतो. त्या दृष्टीने हिस्लॉप यांनी जपलेली गाथा अधिक मोलाची ठरते.

दोन विरुद्ध प्रमाद

मराठी–गोंडी तुलनेत दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. मराठीची वाक्यरचना द्रविडी भाषांसारखी असल्याने मराठीचे मूळच द्रविडी आहे, हा पहिला. अम्हारिकचे उदाहरण पाहता असा पुरावा किती अपुरा आहे हे उघड होते. ‘म्हणून’सारखी रचना संस्कृतातील ‘इति’मध्येही दिसते, ती द्रविडी प्रभावातून आली असे एफ. बी. जे. कायपर यांनी १९६७ मध्ये मांडले, तर हान्स हेन्रिक हॉक यांनी त्यावर आक्षेप घेतला. वाद आहे तो संपर्काचा, कुळाचा नव्हे.

गोंडीत मराठी-हिंदी शब्द पुष्कळ असल्याने ती एक मिश्र बोली आहे, हा दुसरा निष्कर्ष. तो अधिक हानिकारक आहे. उंडी, रंड, मुंड, नालुंग ही गोंडी संख्यानामे, किंवा ‘कन’ (डोळा) आणि ‘कै’ (हात) हे शब्द तमिळ-तेलुगूशी नाते सांगतात. मराठीत तीन लिंगे आहेत. गोंडीत पुरुषवाचक आणि इतर असे दोनच वर्ग आहेत, आणि स्त्रीवाचक नामे दुसऱ्या वर्गात मोडतात. शतकानुशतकांच्या शेजारानेही ही व्यवस्था मोडली नाही. उसने शब्द हा भाषेचा पोशाख असतो. त्यावरून तिचे कूळ ठरत नाही.

निष्कर्ष

२०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख आहे, आणि ही भाषा आजही आठव्या अनुसूचीबाहेर आहे. अशा भाषेला ‘बोली’ म्हणणे हे केवळ वर्गीकरण राहत नाही. शाळेत तिला जागा द्यावी की नाही, याचा निर्णय त्या एका शब्दात दडलेला असतो. म्हणून विदर्भातील महाविद्यालयीन संशोधनात साम्यांच्या याद्यांपुढे जाऊन प्रत्येक साम्याचे कारण वारसा, संपर्क की स्वतंत्र विकास, हे तपासले जाणे आवश्यक आहे. त्यासाठी लागणारी सामग्री याच परिसरात, बोलणाऱ्यांच्या तोंडी, उपलब्ध आहे.