पाय जमिनीवर टेकलेत का?

अंबरनाथ-बदलापूरकडच्या प्रदर्शनांत एक तैलचित्र मला हमखास भेटतं. डोक्यावर मोळी घेतलेली आदिवासी बाई, मागे डोंगर, संध्याकाळचं सोनेरी ऊन. लुगड्याच्या चुण्या, बांगड्या, सगळं अचूक. मी आधी तिचे पाय बघतो. बहुतेकदा ते गवतात गडप झालेले असतात, नाहीतर चौकटीबाहेर गेलेले.

कारण उघड आहे. बाई एका फोटोतून येते, डोंगर दुसऱ्या. तिच्या चेहऱ्यावर ऊन डावीकडून, डोंगरावर उजवीकडून. उघड्यावर उभ्या माणसाच्या सावलीत आकाशाचा निळा उतरतो, हनुवटीखाली मातीचा तांबूस उजेड चढतो. ते टिपलं नाही की माणूस कातरून चिकटवल्यासारखा दिसतो.

माणसाकडे नमुना म्हणून बघायची सवय जुनीच. जे. जे. स्कूलमध्ये घडलेल्या म. वि. धुरंधरांनी (१८६७–१९४४) ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकासाठी स्त्रियांची जलरंगातली चित्रं काढली. रेखाटन अव्वल, पण प्रत्येकीची ओळख म्हणजे तिची जात, प्रांत किंवा धंदा. आपल्या मोळीवालीला तर तेवढीही ओळख नाही.

याउलट, ज्यूल बास्तियाँ-लपाज या फ्रेंच चित्रकाराचं १८७७ सालचं 'ले फ्वाँ' बघा. फोनवर सहज सापडेल. गवत कापून दमलेली बाई पाय पसरून बसली आहे, नजर शून्यात. मागे एक पुरुष आडवा झालाय. ऊन रणरणतं नाही. मऊ उजेड दोघांवर आणि गवतावर सारखाच पडलाय. ती सुंदर दिसायच्या फंदात नाही. ती थकली आहे, आणि तिचा भार जमिनीने घेतलाय.

तसा उजेड आपल्याकडे पावसाळ्यात फुकट मिळतो. जूनमध्ये बदलापूर स्टेशनबाहेर ठाकूर, कातकरी बायका शेवळं, काकडं घेऊन बसतात. प्लॅस्टिकच्या कागदावर वाटे, पायात रबरी चपला, मागे टॉवर. ढगाळ दिवशी सावल्या फारशा सरकत नाहीत, म्हणून चित्रकाराला एका जागी तासन्‌तास काम करता येतं. पण मग तिच्याशी बोलावं लागेल, तिला विचारावं लागेल, बसण्याचे पैसे द्यावे लागतील.

हे टाळायचं म्हणून तर मोळी, डोंगर आणि सोनेरी ऊन. टॉवर चित्रात आला तर बाई आजची होते, आणि आजची बाई दिवाणखान्यात टांगायला जड जाते. मला तीच बघायची आहे, चपलांसकट.