प्राचीन दांतांची साक्ष व तीवरील कांहीं उपपत्ति

मातींत पुरलेल्या मनुष्यदेहापैकीं सर्वांत शेवटपर्यंत टिकतो तो दांत. हाडें विरतात, कवट्या वरच्या थरांच्या भारानें चेपतात. परंतु दांताच्या माथ्यावरील काचेसारखें कठीण कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, तें लक्षावधि वर्षें राहतें. त्यामुळें मनुष्यजातीच्या पूर्वेतिहासाची पुष्कळशी इमारत दांतांच्या मोजमापांवर उभी आहे. ती कितपत भरभक्कम आहे हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय शारीरशास्त्राचा दिसला तरी प्रश्न प्रमाणांच्या पारखीचा आहे, व ती पारख आमच्या वाचकांच्या रोजच्या व्यवहारांतली आहे.

मनुष्याचे दांत काळाच्या ओघांत बदलले, हें विधान सररास केलें जातें. त्यांत तीन निरनिराळे फेरफार कालवलेले असतात. पहिला फेरफार दांताच्या माथ्याच्या घडणीचा. म्हणजे त्याची लांबीरुंदी, दाढेवरील उंचवट्यांची संख्या, पुढच्या दांताची आंतली बाजू सपाट कीं खोलगट. ही घडण बहुतांशीं वंशपरंपरेनें ठरते, व एकदां झाली म्हणजे पुन्हां होत नाहीं. पहिल्या कायमच्या दाढेचा माथा जन्माच्या सुमारास घडूं लागतो व तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पुरा होतो. दुसरा फेरफार जबड्यांतील मांडणीचा. वरचे दांत खालच्यांवर येतात, कीं कडेला कड भिडते, कीं जागा न पुरल्यानें वेडेवांकडे निघतात. तिसरा फेरफार झिजेचा. तो त्या मनुष्याच्या आयुष्यांतला, व त्याच्याबरोबर संपणारा. पोथी पारखतांना मूळ लेखकाचा हात, मागाहून झालेली बांधणी आणि वाचणारांच्या बोटांनीं झिजलेल्या कडा या गोष्टी आपण एकमेकींत मिसळूं देत नाहीं. दांतांवर लिहिणारांनीं ही खबरदारी नेहमींच घेतली आहे असें आम्हांस दिसत नाहीं.

पहिल्या फेरफाराची मुख्य दिशा वादग्रस्त नाहीं. ओल्डुवाई येथें १९५९ सालीं मेरी लीकी यांस जी प्रसिद्ध कवटी सांपडली, तिच्या दाढांच्या पृष्ठाचें क्षेत्रफळ आपल्या दाढांच्या दुपटीहून अधिक भरतें. ती जात आपल्या वंशरेषेवरील नव्हे, बाजूची शाखा होती. तरी तिच्यापासून आपल्यापर्यंत सरळ उतरती रांग दाखविणारीं चित्रें अद्याप छापलीं जातात! खुद्द आपल्या शाखेंतही दाढा लहान होत आल्या हें मात्र खरें. अक्कलदाढ तर आज सुमारें पंचमांश मनुष्यांत एक तरी कमी असते.

हा ऱ्हास अलीकडच्या काळांत किती वेगानें झाला याचें सर्वांत गाजलेलें गणित ब्रेस, रोझेनबर्ग व हंट यांनीं १९८७ सालीं मांडलें. दहा हजार वर्षांपूर्वींपावेतों दर दोन हजार वर्षांस शेंकडा एक, आणि तेथून पुढें दर हजार वर्षांस शेंकडा एक, या मानानें दांत लहान झाले असें त्यांचें म्हणणें. अगोदर भट्टींत भाजलेलें, पुढें मडक्यांत शिजविलेलें अन्न आल्यानें मोठ्या दांतांची गरज उरली नाहीं, हें त्याचें कारण. आकडे सुटसुटीत आहेत, व म्हणूनच ते इतके उद्धृत होतात. पण मोजलें काय, हें पाहिलें पाहिजे. शेजारशेजारचे दांत चावतांना एकमेकांवर घासतात व बाजूंनीं झिजतात. म्हातारपणीं दाढेची लांबी मूळच्याहून कमी भरते. जितका प्राचीन समाज तितकी ही झीज अधिक. कडा कापून पुन्हां बांधलेल्या पोथीचें पान मोजून मूळ बंद केवढा होता हें सांगावें, तसा हा प्रकार होतो. फरक इतकाच कीं येथें चूक ब्रेस यांच्या पक्षाला बाधक नाहीं, उलट साधक आहे. प्राचीन दांत मोजमापांत दिसतात त्याहून मुळांत मोठेच होते. दांताची रुंदी या दोषापासून बरीच मुक्त असते, व आम्ही तिच्यावर अधिक भरंवसा ठेवूं.

ऱ्हासाच्या कारणाविषयीं मात्र ब्रेस यांचें मत आम्हांस पटत नाहीं. उपयोग संपला कीं आनुवंशिक बीजांत आपोआप होणारे बिघाड सांचत जातात व अवयव आपसूक लहान होतो, अशी त्यांची उपपत्ति १९६० नंतरच्या दशकांतली. बिघाडानें अवयव लहानच कां व्हावा, वेडावांकडा किंवा मोठा कां होऊं नये, याचें समाधानकारक उत्तर तींत नाहीं. जेम्स कॅल्कॅग्नो यांनीं न्युबियांतील सांगाड्यांवरून १९८९ सालीं दुसरी बाजू मांडली. शेतीचें पिठूळ अन्न आल्यावर खांचाखोंचा असलेली मोठी दाढ किडते, दाटी झाली तर आणखी किडते, व प्रतिजैविकें नसलेल्या काळीं दाढेचें गळूं प्राणावर बेतूं शकत होतें; म्हणून लहान व साधी दाढ असणारा टिकला. येथें निदान कार्यकारणाची सांखळी दिसते. तींतही एक कडी कच्ची आहे. दाढ किडून मरणारा मनुष्य बहुधा मुलेंबाळें झाल्यावर मरतो, आणि मग निवड व्हावी कशी? कॅल्कॅग्नो यांनीं ही शंका टाळलेली नाहीं, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

खरा घोटाळा दुसऱ्या फेरफारापाशीं आहे. प्राचीन प्रौढांचे वरचे व खालचे पुढचे दांत कडेला कड भिडत; आज वरचे दांत खालच्यांपुढें येतात. ब्रेस यांनीं याचें श्रेय जेवणाच्या काट्यास दिलें. अठराव्या शतकांत युरोपांत काटा रूढ झाला, लोक दांतांनीं मांस धरून तोडीनासे झाले, व जबड्याची मांडणी बदलली. चीनमध्यें अन्न अगोदर बारीक चिरून काड्यांनीं खाण्याची रीत आधींची, म्हणून तेथें हा बदल सोंग राजवटीच्या काळींच दिसतो. उपपत्ति मनोरंजक आहे. पण ज्या घरांत काटा कधीं शिरला नाहीं, बोटांनीं भात कालवून व भाकरी मोडून जेवणें हीच रीत आहे, अशा आमच्या लोकांचेही वरचे दांत पुढेंच आहेत. तेव्हां काटा हें कारण नव्हे. फार तर तो एका प्रांतांतील निमित्त.

मुळांत हा फेरफार मांडणीचा म्हणून सांगितला जातो, परंतु त्याचा मोठा भाग झिजेचा आहे. लहानपणीं वरचे दांत पुढें असणें ही गोष्ट प्राचीन समाजांतही होती. भरड व कणीमिश्रित अन्नानें दांत झिजत गेले कीं प्रौढपणीं खालचा जबडा पुढें सरकून कडा भिडत. आपल्या दांतांची झीज होत नाहीं, म्हणून आपण बालपणची ठेवण म्हातारपणापर्यंत बाळगतों. म्हणजे येथें नवें कांहीं उत्पन्न झालें नसून जुनें झिजावयाचें राहिलें आहे. जबड्याची वाढ चावण्यावर अवलंबून असते हेंही तितकेंच खरें. डॅनियल लीबरमन व त्यांचे सहकारी यांनीं हायरॅक्स नांवाच्या सशाएवढ्या प्राण्यांस कांहींना शिजविलेलें व कांहींना कच्चें अन्न घालून वाढविलें. शिजविलेलें खाणारांच्या चेहऱ्याच्या कांहीं भागांची वाढ सुमारें शेंकडा दहा कमी झाली, असें त्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें. असा फेरफार एका पिढींत होतो व एका पिढींत परत जाऊं शकतो. त्यास वंशपरंपरेच्या खात्यांत जमा करणें सर्वथा गैर.

याच पायावर भाषेविषयींची एक उपपत्ति उभी आहे, व ती आमच्या वाचकांस विशेष विचारार्ह वाटेल. खालचा ओठ वरच्या दांतांस लावून होणारे उच्चार मऊ अन्न खाणाऱ्या समाजांतच वाढले, असें चार्ल्स हॉकेट यांनीं १९८५ सालीं सुचविलें. वरचे दांत पुढें येणें इतकें जुनें नाहीं, अशी हरकत ब्रेस यांनीं लगोलग घेतली. पुढें २०१९ सालीं डॅमियन ब्लासी व त्यांचे सहकारी यांनीं ती उपपत्ति नव्या साधनांनीं मांडली. वरचे दांत पुढें असतां असे उच्चार करण्यास शेंकडा २९ श्रम कमी लागतात. व शिकारीवर जगणाऱ्या समाजांच्या भाषांत असे वर्ण, अन्न पिकविणाऱ्या समाजांच्या मानानें, सरासरी शेंकडा २७ च आहेत. लेखकांनीं याला संभव म्हटलें आहे, नियम म्हटलेलें नाहीं, व भाषासंपर्काचा परिणाम वेगळा काढण्याचा यत्न केला आहे. तरी आमच्याकडील लेखी पुरावा त्यांच्या अनुमानास जपून घ्यावें असेंच सांगतो. ऋक्प्रातिशाख्य वकारास ओष्ठ्य वर्णांत गणतें; तैत्तिरीय प्रातिशाख्य व पाणिनीय शिक्षा त्याच वर्णास ओठांबरोबर दांतांचेंही स्थान देतात. या दोन शाखांचे आचार्य निरनिराळें अन्न खात होते असें कोणी म्हणणार नाहीं. फकाराचें उदाहरण याहून बोलकें आहे. व्याकरणाप्रमाणें तो शुद्ध ओष्ठ्य. आज पुष्कळांच्या तोंडीं तो दांत व ओठ यांच्यामधून निघतो, आणि फौज, फर्मान, फडणीस या शब्दांबरोबर फारशीचा फ दरबारांतून मराठींत आला हें तर उघड आहे. दोन्ही फकारांस मोडींत अक्षर एकच असल्यानें कोणत्या कारकुनाच्या तोंडीं कोणता उच्चार होता हें कागद सांगत नाहीं. पण मराठींत तो आला तो राज्यव्यवहारामुळें, दाढांच्या झिजेमुळें नव्हे. दांतांनीं वाट मोकळी ठेवली असेल. वाटसरू दुसरीकडून आले.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर सर्वांत मोलाचा पुरावा घोडनदीच्या कांठच्या इनामगांवचा. डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत तेथें उत्खनन केलें. वस्तीचा काळ सुमारें इ. स. पूर्वीं १६०० ते ७००. तेथील दोनशेंहून अधिक दफनांपैकीं बहुतेक लहान मुलांचीं आहेत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, घराच्या जमिनीखालीं. लुकाच व वाळिंबे यांनीं १९८६ सालीं या अवशेषांची जी तपासणी प्रसिद्ध केली, ती आमच्या मतें अशा कामाचा नमुना आहे. दुधाचे दांत गर्भांत घडूं लागतात व फारसे झिजण्याआधींच हीं मुलें गेलीं. म्हणून मूळ घडण येथें जितकी स्वच्छ वाचतां येते तितकी प्रौढांच्या दांतांवरून क्वचितच वाचतां येईल. उलट, भाकरीच्या पिठांतील दगडाच्या कणीनें दाढा कशा झिजल्या हा प्रश्न या मुलांस विचारून उपयोग नाहीं. कोणता साक्षीदार कशाविषयीं बोलूं शकतो हें ठरवूनच त्याची जबानी घ्यावी लागते.

दांतांवरून वंश सांगण्याच्या हव्यासाबद्दलही लिहिणें भाग आहे. हर्दलिचका यांनीं १९२० सालीं फावड्यासारख्या खोलगट पुढच्या दांतांचें महत्त्व पुढें आणलें. वायडेनराइख यांनीं पेकिंगच्या प्राचीन मनुष्यांत तसे दांत पाहून त्यांचा संबंध आजच्या पूर्व आशियाई लोकांशीं जोडला. परंतु क्रोएशियांतील क्रापिना येथील निअँडरथल लोकांचे पुढचे दांतही चांगलेच खोलगट आहेत, व ते चिनी होते असें कोणी म्हटलेलें नाहीं. अशीं लक्षणें समूहांत कमीअधिक प्रमाणांत आढळतात. शेंकडों दांतांचें प्रमाण कांहीं सांगूं शकतें, सुटा दांत कांहींच सांगत नाहीं. एका मोहोरेवरून कागदाचें घराणें ठरविणारा गृहस्थ आपण हंसण्यावारी नेतों.

जुन्या पांढरीवर नांगरटींत निघालेले दांत आपल्या संग्रहकांपैकीं कोणाच्या पेटींत असतील तर ते घासूं नयेत, व कोणत्या शेतांत, किती खोल, कोणत्या खापरांबरोबर मिळाले हें टिपून जाणत्या संस्थेस कळवावें, अशी आमची विनंति आहे. दांतांवर सांचणारें पिवळट कीटण घाण म्हणून खरवडलें जातें. त्यांत अन्नाचे सूक्ष्म कण व तोंडांतील जंतूंचे अवशेष अडकून राहिलेले असतात. जर्मनींतील डालहाइम येथील मठाच्या स्मशानांत पुरलेल्या एका स्त्रीच्या कीटणांत लाजवर्दी निळ्या रंगाचे कण सांपडले, हें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. ती इ. स. ९९७ ते ११६२ यांच्या दरम्यान, सुमारें ४५ ते ६० वर्षांची होऊन वारली. तो रंग त्या काळीं अफगाणिस्तानच्या खाणींतून येई व उंची हस्तलिखितांच्या सजावटीस वापरीत. पोथी रंगवितांना कुंचल्याचें टोंक ओठांत धरून निमुळतें करण्याच्या संवयीनें तो तिच्या दांतांवर बसला असावा, असें तपासणारांचें मत आहे.