शिकणे, शिकविणे आणि दुखणे : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रलेखनाचा एक भाषिक विचार

डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्या आयुष्याची हकीकत मराठी वाचकाला बहुधा एका ठरीव वाक्यमालिकेतून परिचित झालेली असते. गोपाळरावांनी पत्नीला शिकविले, ती अमेरिकेला गेली, डॉक्टर झाली, परत आली, आणि क्षयाने गेली. शालेय पाठांतून व जयंती-पुण्यतिथीच्या लेखांतून हीच मालिका थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा येते. तीत सांगितलेली एकही गोष्ट खोटी नाही. तरीही तिच्यातील वाक्यरचना आयुष्याच्या तीन अंगांपैकी दोन अंगांना झाकून टाकते, असे बारकाईने पाहता दिसून येईल. घरातील शिक्षण, महाविद्यालयातील शिक्षण आणि दीर्घकाळचे दुखणे ही ती तीन अंगे होत. ती एकामागून एक आली नाहीत; बराच काळ ती एकत्रच नांदत होती. चरित्रकाराची भाषा हे एकत्र नांदणे कितपत पेलू शकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम घरातील शिक्षण घेऊ. यमुना या माहेरच्या नावाची मुलगी वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी विवाहबद्ध झाली. लग्नानंतर तिचे वाचन, लेखन, इंग्रजी आणि संस्कृत यांचा पाठपुरावा मुख्यतः घरातच झाला. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता, श्रीरामपूर अशी बिऱ्हाडे हलली आणि अभ्यासही त्यांच्याबरोबर हलला. मध्यंतरी वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत गेला. वैद्यकाकडे वळण्याचा निश्चय या दुःखाशी निगडित आहे, हे सर्वच चरित्रकारांनी नोंदविले आहे.

या सर्व काळाचे वर्णन मराठीत दोन प्रकारे करता येते. ‘ती धडे शिकली’ हा एक प्रकार. ‘त्याने तिला धडे शिकविले’ हा दुसरा. ‘शिकणे’ हे मराठीतील त्या मोजक्या सकर्मक धातूंपैकी एक आहे, ज्यांचा भूतकाळी प्रयोगही कर्तरीच राहतो. ‘तिने धडा वाचला’ असे आपण म्हणतो. परंतु ‘तिने धडा शिकला’ असे शिष्ट मराठीत म्हणत नाहीत, ‘ती धडा शिकली’ असेच म्हणतात. शिकणारा येथे प्रथमेत राहतो आणि क्रियापद त्याच्याशी जुळते. ‘शिकविणे’ हे प्रयोजक रूप आले की चित्र पालटते. शिकविणारा कर्तृस्थानी जातो आणि शिकणारा ‘ला’ प्रत्यय घेऊन दानाचा स्वीकार करणाऱ्याच्या जागी, संप्रदानात, जाऊन बसतो. एकच घटना, पण पहिल्या वाक्यात आनंदीबाई कर्त्या आहेत आणि दुसऱ्या वाक्यात त्या ग्राहक आहेत. लोकप्रिय चरित्रकथनाने जवळजवळ नेहमी दुसरे वाक्य पसंत केले आहे.

यावर असा आक्षेप येईल की, ती वस्तुस्थितीच होती. गोपाळरावांच्या हट्टावाचून हे शिक्षण घडलेच नसते. आक्षेप खरा आहे, पण पुरा नाही. गोपाळरावांचा हट्ट केवळ उत्तेजनापुरता नव्हता. अमेरिकेहून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी अभ्यासापायी सोसलेल्या मारहाणीची स्पष्ट आठवण दिली आहे. ती वागणूक अंतिम हेतूच्या दृष्टीने योग्य ठरली असली, तरी लहान मुलीच्या मनावर होऊ शकणाऱ्या परिणामांच्या दृष्टीने ती अयोग्य होती, असा दुहेरी निवाडा त्यांनी तेथे केला आहे. जी विद्यार्थिनी आपल्या शिक्षणाचे गुणदोष असे तोलून सांगते, ती केवळ शिक्षणाची ग्राहक राहत नाही. ती त्या शिक्षणाची परीक्षक होते. घरातील शिक्षणाचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि त्याची हेटाळणी करणाऱ्यांनीही हे पत्र समोर ठेवणे अवश्य आहे. घर ही शाळा झाली म्हणजे ती आपोआप सौम्य होते असे नाही. तेथे गुरू आणि सत्ताधारी एकच असतो आणि सुटीची घंटा होत नाही.

आता दुखण्याकडे वळू. आनंदीबाईंचा आजार अमेरिकेच्या थंडीत अकस्मात उद्भवला अशी एक समजूत आढळते. थंडी व आहारातील पालट यांनी तो बळावला यात शंका नाही. पण अशक्तता, डोकेदुखी, अधूनमधून येणारा ताप आणि कधी कधी श्वास लागणे या तक्रारी प्रयाणापूर्वीच्याच होत्या. रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी पत्रव्यवहाराच्या काळात अमेरिकेहून औषधेही पाठविली होती, पण त्यांनी गुण आला नाही. म्हणजे ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जी विद्यार्थिनी निघाली, ती प्रकृतीने धडधाकट नव्हती आणि हे निघणारीला व धाडणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक होते.

मराठीत आजार सांगण्याची सामान्य रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ‘तिला ताप आला’, ‘तिला थकवा वाटला’, ‘तिला बरे नव्हते’ : या सर्व वाक्यांत आजारी व्यक्ती ‘ला’ प्रत्ययाच्या आश्रयाला असते आणि कर्तेपण तापाकडे वा थकव्याकडे असते. ‘ती आजारी पडली’ असे म्हटले तरी ‘पडणे’ या क्रियेत इच्छेला जागा नाही. येथे एक चमत्कारिक साम्य दिसते. ‘त्याने तिला शिकविले’ आणि ‘तिला ताप आला’ ही दोन्ही वाक्ये एकाच जागी, त्या ‘तिला’पाशी, आनंदीबाईंना उभे करतात. विद्या पतीने दिली, ताप दैवाने दिला; घेणारी तीच. अशा वाक्यांनी विणलेल्या चरित्रात नायिकेला कर्तेपण मिळते ते फक्त ‘गेली’, ‘झाली’ आणि ‘वारली’ या तीन क्रियापदांपुरते.

तथापि मराठी भाषा याबाबत दरिद्री नाही. ‘दुखणे अंगावर काढणे’ हा तिचा एक अत्यंत अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. ‘तिने दुखणे अंगावर काढले’ या वाक्यात आजारी व्यक्ती कर्ती आहे आणि दुखणे कर्म आहे. त्यात औषधपाण्यावाचून, अंथरूण न धरता, हातातली कामे न टाकता दिवस रेटण्याचा भाव आहे. घरोघरच्या स्त्रिया हा वाक्प्रचार स्वतःविषयी व एकमेकींविषयी सहज वापरतात. त्यात अभिमान आणि तक्रार इतकी मिसळलेली असते की ती वेगळी करता येत नाही. आनंदीबाईंच्या १८८३ ते १८८६ या तीन वर्षांना याहून नेमका शब्द सापडणार नाही.

परंतु वाक्प्रचार सापडला म्हणून प्रश्न संपत नाही. काळाचा प्रश्न उरतो. ‘ताप आला’ हा साधा भूतकाळ एका प्रसंगाचा आहे. ‘ताप येई’, ‘डोके दुखे’ हा रीतिभूतकाळ वारंवार घडणाऱ्या गोष्टीचा आहे. जुनाट दुखणे स्वभावतःच रीतिभूतकाळात राहते. त्याला आरंभाची तारीख नसते आणि बहुधा शेवटचीही नसते. घरातील अभ्यासाची गोष्टही तीच. ‘ती पहाटे वाची’, ‘स्वयंपाकानंतर लिही’ हीच त्याची खरी क्रियापदे. अमुक दिवशी अमुक परीक्षा, असे तेथे काही नसते. याउलट महाविद्यालय हे तारखांचे घर आहे. १८८३ साली फिलाडेल्फिया येथील पेन्सिल्व्हेनिया स्त्री-वैद्यक महाविद्यालयात प्रवेश झाला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. ही वाक्ये साध्या भूतकाळात चपखल बसतात. प्रसंग, तारीख आणि परिणाम यांवर पोसलेल्या चरित्रलेखनाला महाविद्यालय सापडते; घर आणि दुखणे हातून निसटतात. मग दुखणे एकदाच, अखेरच्या प्रकरणात, २६ फेब्रुवारी १८८७ या तारखेच्या रूपाने ‘येते’. बारा महिन्यांचा सोबती शेवटच्या पानावरचा पाहुणा ठरतो.

चरित्रग्रंथांच्या शीर्षकांवरूनही हा विचार पडताळून पाहता येतो. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ साली, म्हणजे मृत्यूनंतर अगदी लवकर, प्रसिद्ध झाले. पाठोपाठ काशीबाई कानिटकर यांनी मराठीत चरित्र लिहिले. काशीबाई स्वतः शाळेत न जाता, विवाहानंतर घरातच शिकलेल्या होत्या. त्यांना या विषयाची ओढ का वाटली असेल हे निराळे सांगावयास नको. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या कादंबरीचे नाव ‘आनंदी गोपाळ’ असे आहे. ते महाराष्ट्रीय रीतीप्रमाणे पत्नीचे व पतीचे नाव जोडून झालेले एकाच व्यक्तीचे नाव म्हणून वाचता येते, किंवा आनंदी आणि गोपाळ असा द्वंद्व समास म्हणूनही वाचता येते. ही संदिग्धता कादंबरीच्या आशयाशी इमान राखणारी आहे. कारण तेथे गोपाळरावांची विलक्षण व्यक्तिरेखा वाचकाच्या मनावर पत्नीइतकीच, कित्येकदा अधिक, ठसते. अंजली कीर्तने यांच्या संशोधनपर चरित्राच्या नावात ‘काळ आणि कर्तृत्व’ हे शब्द आले आहेत. ‘कर्तृत्व’ म्हणजे कर्तेपण. नुसत्या शीर्षकांच्या क्रमातही संप्रदानाकडून कर्तृपदाकडे झालेला हा प्रवास दिसतो. २०१९ साली निघालेल्या मराठी चित्रपटाने मात्र पुन्हा ‘आनंदी गोपाळ’ हेच नाव घेतले.

घर, महाविद्यालय आणि दुखणे यांचा खरा संबंध कोणता, याचे उत्तर आनंदीबाईंच्या प्रबंधात मिळते. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यासाठी त्यांनी आयुर्वेदीय ग्रंथ आणि अमेरिकन वैद्यकीय पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार घेतला. घरात झालेले संस्कृतचे अध्ययन आणि महाविद्यालयात मिळालेले आधुनिक वैद्यक यांची येथे गाठ पडली. आणि दहा दिवसांत गेलेल्या मुलाची आठवण विषयाच्या निवडीमागे उभी होती, असे मानण्यास हरकत नाही. घर म्हणजे महाविद्यालयाची नुसती पायरी, असे या प्रबंधापुढे म्हणता येत नाही. महाविद्यालयाजवळ जे ज्ञान नव्हते ते या विद्यार्थिनीने घरून नेले होते.

आजच्या लेखनात घर, शिक्षण आणि प्रकृती एकाच वेळी सांभाळणाऱ्या स्त्रीविषयी ‘तारेवरची कसरत’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. त्याचीही चिकित्सा करणे प्राप्त आहे. तारेवर चालणारी एकटी असते, आणि खाली टाळ्या वाजविणारे प्रेक्षक असतात. तोल गेला तर दोष तिचा. आनंदीबाईंच्या उदाहरणात हे रूपक टिकत नाही. रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घर दिले. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांनी त्यांच्या प्रवेशाची व निर्वाहाची चिंता वाहिली. जो काही तोल सांभाळला गेला तो एकटीच्या कसबाने नव्हे, तर अनेकांनी धरलेल्या हातांमुळे. आणि जेथे तो गेला, तेथेही दोष एकटीचा नव्हता. क्षयावर परिणामकारक औषध त्या काळी जगात कोठेच नव्हते. १८८६ च्या अखेरीस त्या स्वदेशी परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाच्या वैद्य म्हणून झालेली नेमणूक त्यांची वाट पाहत राहिली.

या विवेचनाचा संबंध विद्यापीठाच्या नित्य व्यवहाराशीही पोचतो. प्रवेश-अर्जांत ‘शिक्षणात खंड’ नावाचा एक रकाना असतो. संसार, मुलांचा अभ्यास, स्वतःचे दुखणे यांत काही वर्षे गेल्यावर पदव्युत्तर वर्गात परत येणाऱ्या विद्यार्थिनीला तो भरावा लागतो. ‘खंड’ या शब्दात असे गृहीत आहे की, संस्थेच्या बाहेर जे घडले ते शिक्षण नव्हे. मुलाला घरी गणित समजावून देताना ते स्वतःला नव्याने उमगणे, दुखण्याच्या अंथरुणावर वाचलेली पुस्तके, औषधांची नावे व त्यांचे गुण मुखोद्गत होणे, यांना त्या रकान्यात जागा नाही. आनंदीबाईंनी हा रकाना भरला असता तर १८८३ पर्यंतचे त्यांचे बहुतेक आयुष्य ‘खंड’ ठरले असते. आणि त्याच खंडातून त्यांच्या प्रबंधाचा अर्धा आधार आला.

चरित्रलेखनाचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच तारखांबरोबर क्रियापदांकडे पाहावे. कोण ‘ने’ प्रत्यय घेतो, कोण ‘ला’ घेतो, आणि कोणत्या गोष्टींना रीतिभूतकाळाचा लाभ होतो, हे पाहिले की चरित्रकाराने कोणाला कर्ता मानले हे कळते. आनंदीबाईंच्या बाबतीत निदान एक वाक्य तरी आता बदलून लिहिता येईल : त्या घरी शिकल्या, दुखणे अंगावर काढीत शिकल्या, आणि शिकतच राहिल्या. या वाक्यात तारीख एकही नाही. पण त्यातील प्रत्येक क्रियापदाच्या कर्त्या आनंदीबाई आहेत.