मान वळली तरी नाद जागीच

सभामंडपात बसून आपण महाद्वाराकडे मान वळवली, तरी पुढे चाललेल्या भजनातील पखवाज आपली जागा सोडत नाही. कानांत बसविण्याच्या यंत्रांत मात्र तोच नाद बहुधा डोक्याच्या आत भासतो व मानेबरोबर फिरतो. २०२० साली ॲपल कंपनीने ‘एअरपॉड्स प्रो’मध्ये यावर उपाय योजला. यंत्रातील संवेदक मानेचे वळण टिपतात. आणि उजव्या व डाव्या कानाशी ध्वनी पोहोचण्यातील अंतर, जे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही अल्प असते, तत्काळ बदलले जाते. चित्रपट पाहताना ही किमया आम्हांस खरोखर भावली. पात्र पडद्यावर, आणि त्याचे बोलही तेथूनच!

जुन्या गाण्यांविषयी मात्र आमचे मत निराळे आहे. मंगेशीस जन्मलेले मास्टर दीनानाथ १९४२ साली निवर्तले. त्यांच्या तबकड्या एकमार्गी मुद्रणाच्या काळातील. त्यांत डावे-उजवे मुळी नाहीच. अशा गाण्याभोवती यंत्र जेव्हा कल्पित दालन उभारते, तेव्हा आवाज ऐसपैस होतो खरा. पण त्या तेजस्वी तानेची धार बोथट होते. ही सोय बंद करता येते. दीनानाथांस ऐकताना आम्ही ती बंदच ठेवतो.