चॅरियट्स ऑफ फायर: क्रम बदलला की कारणही बदलतं

1924च्या पॅरिस ऑलिम्पिकवरचा 'चॅरियट्स ऑफ फायर' (1981) जरूर बघा, पण शेजारी वही ठेवून.

चित्रपटात एरिक लिडेलला पॅरिसला निघताना, बोटीवर चढता चढता कळतं की 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे. श्रद्धेपोटी तो नकार देतो, सहकाऱ्याने सोडलेल्या जागी 400 मीटर धावतो आणि सुवर्ण जिंकतो. प्रत्यक्षात वेळापत्रक त्याला काही महिने आधीच ठाऊक होतं. तो 400ची तयारी करूनच गेला होता.

हॅरल्ड अब्राहम्सचंही तेच. पडद्यावर तो आधी 200 मीटर हरतो, मग पेटून उठून 100 जिंकतो. खरं तर 100ची अंतिम फेरी 7 जुलैला झाली, 200ची 9 जुलैला. त्या 200मध्ये अब्राहम्स शेवटचा, आणि लिडेल तिसरा! हे कांस्य चित्रपटात नाहीच.

मुख्य नावं, सुवर्णपदकं बरोबर असल्यामुळे हे सगळं सहज खपून जातं. त्यामुळे लिटरेचर रिव्ह्यू करताना 'अमुक झालं म्हणून तमुक झालं' असं वाक्य दिसलं, की आधी दोन्ही तारखा शोधा.

मला लिडेलचा बदल जास्त खटकतो. त्याच्या निर्णयातली खरी मेहनत त्या महिन्यांत होती, आणि नेमके तेच कापले.